एकोणचाळीस मिनिटे

माझा मुलगा जन्मला त्या घटकेला मी हायस्कुलातील पाचवीच्या वर्गाला विध्यर्थ शिकवीत होतो: करावे, जावे, पाहावे. शाळा सुटता सुटता सासऱ्यांच्या दुकानातला हमाल येडू वर्गाच्या दाराशी आला, पाठीवरचे पोते उतरवल्यासारखा त्याने एक सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "मास्तर, पोरगा झाला. मालकांनी या म्हटलंय. पर घाई करू नका म्हणाले."

निरोपाचा उत्तरार्ध मी ऐकलाच नाही. ज्याने आयुष्याची बारा वर्षे इतरांची वाक्ये शेवटच्या पदापर्यंत तपासण्यात घालवली, त्याने स्वतःला आलेले वाक्य निम्म्यावर सोडून धावत सुटावे, यालाच बहुधा आनंद म्हणत असावेत. मला त्या विषयाचा अनुभव थोडा.

हे १९२९ सालचे, माघ शुद्ध चतुर्दशीचे. माझे सासरे सिद्रामप्पा हे करडई आणि शेंगांचे व्यापारी. घर गिरणीच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. मी पोहोचलो तेव्हा ते सोपा आणि माजघर यांच्या मधल्या दारात, दोन्ही चौकटींना हात लावून उभे होते.

"बसा मास्तर. पाणी घ्या."

"पाणी नंतर घेतो, मामा. आधी बाळाला..."

"आधी पाणी घ्या."

मी बसलो. त्यांची थोरली मुलगी चन्नम्मा तांब्या घेऊन आली. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती, त्याला आता सात वर्षे झाली होती. तिने तांब्या ठेवला आणि आत न जाता भिंतीशी उभी राहिली.

"भीमाशंकरशास्त्र्यांकडं येडूला धाडला होता," सासरे म्हणाले. "बाराला जन्म. आश्लेषा हाय. चौथा चरण."

ज्यांना या शास्त्राचा परिचय घडला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. आश्लेषेच्या चौथ्या चरणावर आलेले मूल बापाच्या जिवावर येते, असा समज आहे. म्हणून ते नक्षत्र पुन्हा येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस दिवस, बापाने मुलाचे तोंड पाहावयाचे नाही. त्यानंतर शांत करावयाची, काशाच्या वाटीत तेल घ्यावयाचे, त्यात मुलाचे प्रतिबिंब पाहावयाचे आणि मग कुठे मुलाकडे मान वळवावयाची.

"मामा, आपण लिंगवंत," मी म्हणालो. "आपल्यात जन्माचे सूतकसुद्धा मानत नाहीत. आणि आपण जोश्यांच्या पंचांगावर..."

"सूतक येगळं, नक्षत्र येगळं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, चन्नम्माला ऐकू जाणार नाही अशा खोट्या समजुतीने, "एक रिकामं कपाळ रोज बघतोय मी या घरात. दुसरं बघायचं न्हाई मला. तुमी शिकलेली माणसं, तुमाला काय, तुमी गेलात तर गेलात."

हा युक्तिवाद अनुत्तरणीय होता असे नाही. तो फक्त खरा होता. मी हसलो आणि मान्य केले. सासऱ्याच्या दारात बाळंतिणीच्या कानी जाईल असा वाद घालणे असभ्यपणाचे, असे कारण मी स्वतःला दिले, आणि ते ऐकायला फार चांगले होते. त्याच्या खाली दुसरे एक कारण होते, ते इथे लिहितो. मला त्या मुलाची भीती वाटत होती. त्याला कसे धरावे, त्याच्याशी काय बोलावे, हे मला ठाऊक नव्हते; शिवाय शिलालेखांतल्या कालगणनेवरचा माझा एक निबंध अपुरा होता. सत्तावीस दिवसांची रजा मला परक्याच्या अंधश्रद्धेने आयती मिळवून दिली होती, आणि वर सहिष्णुतेचे पुण्यही.

रोज शाळा सुटल्यावर मी त्या सोप्यात जाऊन बसू लागलो. मधले दार बंद. पलीकडे दाराला पाठ लावून माझी बायको हेमावती बसे, मांडीवर मूल. आम्ही फळीतून बोलत असू.

"आलात का?" ती विचारी.

"आलो. काय चाललंय?"

"कूस झोपलंय."

कूस म्हणजे कानडीत तान्हे मूल, मराठीत गर्भाशय. घरात दोन्ही भाषा असल्याने हा शब्द मी लहानपणापासून दोन्ही अर्थांनी ऐकला होता. पण त्या संध्याकाळी तो मला प्रथमच दिसला, आणि मी खिशातल्या कागदावर त्याचे टिपण केले. पलीकडे मुलगा जागा झाला आणि रडला, तेव्हा मी व्युत्पत्ती लिहीत होतो.

तरीही, हळूहळू, माझ्या इच्छेची फारशी वाट न पाहता, मी बाप होत गेलो. कानाने झालो. आठवड्याभरात भुकेचे रडणे आणि ओल्या दुपट्याचे रडणे मला वेगळे काढता येऊ लागले. पहिल्यात एक ठराविक विराम होता, जणू समोरच्याला उत्तर देण्याची संधी दिली जात आहे; दुसऱ्यात मुळीच नव्हता. शिंक आल्यावर तो स्वतःच दचके आणि मग बराच वेळ गप्प राही. मी शाळेत शिकवताना मध्येच थांबे आणि आता तो कोणत्या रडण्यात असेल याचा विचार करी. पंधराव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की निबंधाला मी आठ दिवसांत हात लावलेला नाही.

"कुणासारखा दिसतो?" मी विचारले.

"तुमच्यासारखाच. दूध अर्ध्यावर सोडून इचार करत बसतो." ती हसली. "तेलात बघणार म्हणं तुमी त्याला. करडईचं तेल आणू का शेंगांचं? अप्पा दोन्हीचा भाव इचारून ठेवतील."

"करडईचं आण. शेंगांच्या तेलात नाक मोठं दिसतं."

"मग शेंगांचंच आणते. म्हंजे बापाचं हाय म्हणून पटंल तुमाला."

आतून माझ्या सासूबाई गंगम्मा यांनी कानडीत काहीतरी दटावले. हेमावती गप्प झाली, पण दाराची फळी थोडी हलत होती. ती हसत होती. आमच्या लग्नाला तीन वर्षे झाली होती, आणि आम्ही एकमेकांशी इतके कधीच बोललो नव्हतो. दार बंद होते म्हणून ते जमले असेल.

एकोणिसाव्या दिवशी मी वर्गात असता गिरणीचा बाराचा भोंगा झाला. माझी नजर सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बारा वाजून एकोणचाळीस मिनिटे झाली होती.

हा भोंगा मी त्या शाळेत सहा वर्षे ऐकत होतो, आणि सहा वर्षे तो याच वेळी होत होता. शाळेचे घड्याळ रेल्वेच्या वेळेवर; गिरणीचे मालक मुंबईचे आणि त्यांनी हट्टाने मुंबईची जुनी वेळ चालू ठेवलेली. दोहोंत एकोणचाळीस मिनिटांचे अंतर. गिरणीच्या भोवती राहणारे लोक मात्र भोंग्यालाच वेळ समजत, आणि त्याला 'बाराचा भोंगा' म्हणत. त्या चतुर्दशीला घरात कोणी घड्याळ पाहिले नव्हते. सुईण म्हणाली, बाराच्या भोंग्याला झाला. येडूने शास्त्र्यांना सांगितले, बाराला झाला. आणि शास्त्र्यांनी आपल्या पंचांगात, जे रेल्वेच्या वेळेने छापलेले असते, बारा पाहिले. आश्लेषा त्या दिवशी बारा वाजून अठरा मिनिटांनी संपत होती, हे मी पंचांगात पाहून ठेवले होते. माझा मुलगा बारा एकोणचाळीसला जन्मला होता. तो मघा नक्षत्राचा होता. ज्या नियमाने मला दाराबाहेर बसवले होते, त्या नियमाप्रमाणेदेखील मी बाहेर बसण्याचे काही कारण नव्हते.

मी मुलांना वाचत बसा म्हणून सांगितले आणि शाळेबाहेर पडलो. चौकात रस्ता दोन दिशांना फुटतो. डावीकडे सासऱ्यांचे घर, उजवीकडे भीमाशंकरशास्त्र्यांचे. मी उजवीकडे वळलो.

या वळणाचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. दोषावर माझा विश्वास नव्हता. मग त्याच्या खंडनाची मला गरज काय होती? दार ढकलले असते तर उघडले असते, त्याला कडीसुद्धा नसे. पण आमच्यासारख्यांची काम करण्याची एक रीत असते. दार उघडण्यापूर्वी ते बंद असणे चुकीचे होते, हे आम्हांला सिद्ध करावे लागते.

शास्त्रीबोवा सज्जन गृहस्थ होते. त्यांनी मला पाटावर बसवले, माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि पंचांग उघडून पाहिले.

"गणिताचा भाग मान्य," ते म्हणाले. "पण भोंगा मुंबईच्या वेळेवर होतो, याला पुरावा? आपण सांगता, ठीक. पण उद्या कोणी विचारले, तर? आणि जन्म कशास म्हणावयाचे? शिरोदर्शनास, भूमिस्पर्शास की नालच्छेदास? शिर एकवीस मिनिटे आधी दिसले असेल, तर आश्लेषाच."

"म्हणजे सुईणीची साक्ष हवी."

"आणि गिरणीचा कागद. नियमाने जे बांधले, ते नियमानेच सोडवावे, मास्तर. नाही तर सिद्रामप्पांच्या मनात शंका राहील."

मला हे म्हणणे अतिशय योग्य वाटले. नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की मला त्या दुपारी आनंद होत होता.

विसाव्या दिवशी मी गिरणीच्या फाटकावरच्या टाइमकीपरला गाठले. "मालिक मुंबईके, तो सूरज बी मुंबईकाच," तो म्हणाला, आणि हसत हसत त्याने दोन ओळी लिहून शिक्का मारून दिला. तिथून सुईण सोनाबाईकडे गेलो. ती दारात धान्य पाखडीत होती.

"सोनाबाई, भोंगा झाला तेव्हा मूल पूर्ण बाहेर आले होते का?"

"भोंगा वाजाया लागला आन पोरगं माज्या हातावर आलं. थांबायच्या आत रडलं बी."

"आणि डोके दिसल्यापासून किती वेळ गेला?"

तिने सूप खाली ठेवले. "डोकं बघून मी काय वाट बघत बसती व्हय? एक कळ आली आन आलं. मास्तर, पोर झाल्याला ईस दिस झालं. आता डोक्याचं काय इचारताय?"

संध्याकाळी सोप्यात बसलो तेव्हा रडणे वेगळे होते. भुकेचे नव्हते, ओल्याचेही नव्हते. त्यात विराम होते, पण ते चुकीच्या जागी. "जरा खोकतोय," हेमावती पलीकडून म्हणाली. "दूध ओढत न्हाई." मी तिला म्हणालो, "दोनच दिवस थांब. मी त्याला तेलाशिवाय बघणार आहे." तिला काय वाटले कोण जाणे. ती "बरं" म्हणाली.

एकविसाव्या दिवशी शास्त्र्यांनी कागद आणि साक्ष दोन्ही मान्य केली, आणि मघेच्या आरंभीच्या घटकाही सदोष असल्याचा प्रश्न काढला. तो दोष असला तरी बापाच्या दर्शनाशी त्याचा संबंध नाही, असे मी म्हणालो. "आधार दाखवा," ते म्हणाले. आधार माझ्या ट्रंकेत होता, कुठल्या पोथीत ते मात्र आठवत नव्हते.

बाविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. मीच त्यांना टांग्यातून आणले, सोप्यापर्यंत. ते आत गेले, मी बाहेर राहिलो. ज्या माणसाचा त्या मुलाशी काहीही संबंध नव्हता, तो चपला काढून सरळ आत गेला. बाहेर आल्यावर त्यांनी छातीत कफ भरला असल्याचे सांगितले, औषध लिहून दिले आणि शेक द्यायला सांगितला. ते माझ्याशी बोलत नव्हते. सासऱ्यांशी बोलत होते. मला ते बहुधा घरचा कारकून समजले असावेत.

डॉक्टर गेल्यावर सासरे औषध आणायला गेले. सोप्यात मी आणि चन्नम्मा उरलो. लग्नानंतरच्या तीन वर्षांत ती माझ्याशी क्वचितच बोलली होती.

"आत जावा की," ती म्हणाली.

"उद्या जातो. उद्या शास्त्री लिहून देणार आहेत. मूल आश्लेषेचे नाहीच, चन्नक्का. ते घड्याळाची चूक होती."

"माज्या नवऱ्याच्या पत्रिकेत काय बी चूक नव्हती," ती म्हणाली. "सगळे छत्तीस गुण जुळले होते. जावा आत. अप्पा यायच्या आत बघून या. मी कुणाला सांगत न्हाई."

ती मधल्या दाराजवळ गेली आणि तिने ते हातभर उघडले. आतून शेकाच्या ओव्याचा आणि धुराचा वास आला. खाटेचा पाय आणि हेमावतीच्या लुगड्याचा काठ मला दिसला. "कोण हाय?" हेमावतीने विचारले. मग, "आत या ना. अहो, आत या."

मी म्हणालो, "उद्या. चोरून नको. उद्या उजळ माथ्याने येतो."

चन्नम्माने दार लावून घेतले. तिने ते आपटले असते तर मला बरे वाटले असते.

त्या दिवशी दुपारी ट्रंकेतून आधार सापडला. श्लोक निःसंदिग्ध होता.

तेविसाव्या दिवशी, शाळेतून रजा घेऊन, मी शास्त्र्यांकडे सकाळीच गेलो. त्यांनी श्लोक दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, आपण जिंकलात." मग त्यांनी स्वच्छ वळणदार अक्षरात लिहून दिले की अमुक यांचा पुत्र मघा नक्षत्रावर जन्मला असून पित्याने त्याचे मुखावलोकन करण्यास शास्त्रतः कोणताही प्रत्यवाय नाही. शाई वाळेपर्यंत आम्ही कालगणनेवर थोडे बोललो. त्यांनी चहा केला. मी प्यालो.

घरासमोर चपला पुष्कळ होत्या. येडू कठड्यावर बसला होता. तो मला पाहून उठला आणि बाजूला झाला. सोप्यात गंगम्मा भिंतीला डोके लावून बसल्या होत्या. मधले दार सताड उघडे होते, आणि सासरे त्याच्या बाजूला उभे होते, दारात नव्हे.

"आता बघायला हरकत न्हाई, मास्तर," ते म्हणाले.

मी कागद पुढे केला. तो का पुढे केला हे मला सांगता येत नाही. हातात होता म्हणून असेल. त्यांनी तो घेतला, लांब धरून सावकाश वाचला, आणि त्यांच्या कपाळावरची भस्माची रेघ हळूहळू आवळत गेली.

"भोंग्याच्या बारावर धरलं व्हय त्यांनी?"

"हो."

"हे तुमाला कधी कळलं?"

"चार दिवसांपूर्वी."

"मग मला का न्हाई सांगितलं?" ते ओरडले नाहीत, एखाद्याने चुकीचे वजन टाकले तर विचारावे तसे विचारले. "गिरणीचं घड्याळ मागं हाय हे मला ठावं न्हाई व्हय? रोज माझा माल स्टेशनावर जातो. भोंग्यावर इसंबलो तर गाडी चुकंल. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मीच हाताला धरून आत घातलं असतं की तुमाला."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. दुसऱ्याच्या अडाणीपणावर मी एवढी मोठी इमारत उभी केली, आणि तो अडाणी आहे का, एवढेच विचारायचे राहून गेले होते.

मी आत गेलो. हेमावतीने मुलाला मांडीवरून खाली ठेवले नव्हते. गळ्यात चांदीचे लहान लिंग, आणि डोक्याला गरम कापडाचे टोपरे, हनुवटीखाली गाठ मारलेले. दिसत होता तो तेवढाच, तळहाताएवढा चेहरा. तिने तो माझ्याकडे वळवला. मी पाहिला. नाक कुणाचे, कपाळ कुणाचे, हे शोधण्याचा मी प्रयत्न केला आणि काहीही सापडले नाही. मी त्याला जिवंत पाहिलेला नसल्यामुळे मरणाने त्याच्यात काय बदलले, हे मला ओळखता येईना. तो झोपला आहे असे कोणी सांगितले असते तर मी ते मानले असते, कारण तो झोपलेला कसा दिसतो याचा माझ्यापाशी पुरावा नव्हता. मग मठातून स्वामी आले, आणि दुपारी आमच्या रुद्रभूमीत, आमच्या रीतीप्रमाणे, त्याला पुरले.

चैत्रात हेमावती माझ्या बिऱ्हाडी परत आली. ती काम करी, जेवायला वाढी, विचारले तर उत्तर देई. मुलाविषयी एक शब्द बोलत नसे, आणि मी तो विषय काढण्यास धजत नसे. शास्त्र्यांचा कागद मी फाडला नाही, जाळला नाही. तो कुठे ठेवला हे मला खरोखरच आठवत नाही, आणि मी शोधलेलाही नाही.

एके दिवशी दुपारी ती ज्वारी निवडीत होती. मी समोर काहीतरी वाचीत होतो. सुपातले खडे वेचता वेचता, मान वर न करता, ती म्हणाली, "त्याच्या डोक्याला दोन भोवरे होते. एक मागं, एक इकडं, डाव्या अंगाला. चन्नक्का म्हणायची, दोन बायका करणार हा." ती किंचित हसली. "त्या दिवशी तुमी बघितले का ते?"

टोपऱ्याची गाठ कोणी सोडली नव्हती. पुरतानाही नाही.

"हो," मी म्हणालो. "पाहिले."

तिचा हात सुपात थांबला. मग तिने फार दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिले.

"कुटं होता दुसरा?"

"डाव्या बाजूला. कानाच्या थोडा वर."

"व्हय," ती म्हणाली. "तितंच." आणि पुन्हा निवडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं झालं तुमी बघितलं. एकटीनं ध्यानात ठेवायला लई जड जात होतं."